रॅक जिवंत आहे का?

प्रसूतिगृहाच्या जिन्याखाली यूपीएस होता. वीज गेली, मागच्या बोळातला जनरेटर सुरू झाला आणि यूपीएसच्या आतून 'टक्' असा आवाज आला. दोन-तीन सेकंदांनी पुन्हा 'टक्'. मग पुन्हा. डॉक्टरीणबाई हातातला केसपेपर न सोडताच म्हणाल्या, "असंच चालतं हे. पाऊण तासात बॅटरी उतरते. बाहेर जनरेटर धडधडतोय आणि आत थिएटरमधला दिवा गेलाय, असं दोनदा झालंय."

माझी धाकटी तेव्हा दीड वर्षाची होती. तिचा जन्म अशाच एका पेठेतल्या, अशाच अरुंद जिन्याच्या प्रसूतिगृहातला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

बोळात जाऊन मी मीटर लावला होता. आकडा ४९ आणि ५१ च्या मध्ये झोके घेत होता. तीन सिलिंडरचं जुनं इंजिन, त्याला वीज बनवणारा चार पोलचा अल्टरनेटर. अशा अल्टरनेटरला ५० हर्ट्झ द्यायचे तर इंजिनानं मिनिटाला बरोबर १५०० फेरे घ्यावे लागतात. तीस फेरे कमीजास्त झाले की एक हर्ट्झ सरकला. पंखा, ट्यूबलाइट यांना त्याचं काही वाटत नाही. यूपीएसचं तसं नसतं. बाहेरून येणाऱ्या विजेच्या तालाशी तो आपला ताल जुळवून घेतो, आणि बाहेरचा ताल सारखा सरकत राहिला तर हात सोडून सरळ बॅटरीवर जातो. तो 'टक्' म्हणजे हात धरल्याचा आणि सोडल्याचा आवाज.

इंजिनाच्या या झोके घेण्याला आमच्या धंद्यात हंटिंग म्हणतात. एकदा कान तयार झाला की दोन गल्ल्या पलीकडूनही कळतं. ऊंऽऽ करत चढतं, दमल्यासारखं उतरतं, पुन्हा चढतं.

इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपावरचा, वेग सांभाळणारा जुना मेकॅनिकल गव्हर्नर झिजला होता आणि त्याचे सुटे भाग मिळेनात. नाना पेठेत विचारलं, जुन्या बाजारात एक रविवार आणि एक बुधवार घालवला. खडकीला १९४६ पासून ऑइल इंजिनं बनवणाऱ्या किर्लोस्करांच्या या शहरात डिझेलचं काही मिळणार नाही, हे मनाला पटत नव्हतं. पण नाहीच मिळालं. तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, पंप हाच ठेवू, गव्हर्नर मी इलेक्ट्रॉनिक बनवून देते. पॅनेल बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी नोकरी करत होते, कंट्रोल हा माझा विषय होता. तीन-चार आठवड्यांचं काम, असा माझा अंदाज होता. लागले पाच महिने.

पंप घेऊन मी भोसरीला गेले. तिथे एमआयडीसीत एका गाळ्यात पंप-नोझलचं काम करणारे एक काका होते. पस्तीस वर्षं टेस्ट बेंचशेजारी उभं राहून त्यांचे कान गेले होते. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी अर्धंच पोचायचं, म्हणून मी वहीत लिहून दाखवायची. ते मात्र बोलायचे, भरपूर.

पहिल्या दिवशी त्यांनी मला एलिमेंट दाखवला. एलिमेंट म्हणजे प्लंजर आणि बॅरल यांची जोडी, बोटाएवढी. काकांनी प्लंजर डिझेलच्या ट्रेमध्ये बुडवला, बॅरल तिरपा धरला, प्लंजर त्याच्या तोंडाशी टेकवला आणि सोडून दिला. तो घरंगळला नाही, अडकलाही नाही. आपल्याच वजनानं, एका चालीत, संथपणे आत उतरत गेला. दोघांमधली फट काही मायक्रॉनची, आणि डोक्याचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. "यांची लग्नं लागलेली असतात," काका म्हणाले. "याचा प्लंजर त्याच्या बॅरलात घालायचा नाही. जोडीनं घासून जमवलेत."

प्लंजरच्या अंगावर एक तिरकी खाच असते, आणि सगळी करामत त्या खाचेत आहे. कॅम प्लंजरला दर वेळी तेवढाच वर ढकलतो. प्लंजर वर जाताना डिझेल दाबलं जातं, सिलिंडरमध्ये ते फवारणाऱ्या नोझलकडे जातं, आणि खाचेची कड बॅरलच्या छिद्रापाशी आली की दाब एकदम सुटतो. इंजेक्शन संपलं. आता प्लंजर स्वतःभोवती किंचित फिरवला, तर खाच तिरकी असल्यामुळे कड छिद्रापाशी लवकर तरी येते किंवा उशिरा. बस, एवढ्यानंच डिझेल कमी-जास्त होतं. तिन्ही प्लंजर एकदम फिरवणारी दातेरी पट्टी म्हणजे रॅक. १९२७ साली रॉबर्ट बॉशच्या कंपनीनं असा पंप मोठ्या संख्येनं बनवायला सुरुवात केली. त्याआधी रुडॉल्फ डिझेलच्या १८९७ च्या इंजिनात डिझेल आत फुंकायला दाबलेली हवा लागायची आणि त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर. तो बोजा गेला, म्हणून डिझेल इंजिन ट्रकवर आणि ट्रॅक्टरवर चढलं.

आमच्या इंजिनात पूर्ण लोडला एका वेळचं डिझेल साधारण ४० घनमिलिमीटर, म्हणजे थेंबापेक्षाही थोडं कमी. सेकंदाला असे साडेसदतीस थेंब. ते मोजून देणारी ही पट्टी काही मिलिमीटर पुढे-मागे सरकते, आणि तिला केव्हा किती सरकायचं हे सांगणं माझ्याकडे होतं.

डिझेलला मुळात लगाम नसतो. पेट्रोल इंजिनात हवाच अडवता येते, इथे हवा पूर्ण आत येते आणि सगळा कारभार इंधनाच्या मापावर. रॅक एका जागी बांधून ठेवला आणि लोड काढला, तर इंजिन चढत जातं. लोड टाकला तर मान टाकतं. मधोमध ते स्वतःहून उभं राहत नाही. म्हणून गव्हर्नर लागतो.

जेम्स वॉटनं १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर फिरते गोळे बसवले, त्यांचेच वंशज या जुन्या पंपात होते. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, स्प्रिंग दाबली जाते, रॅक मागे. वेग उतरला की उलट. त्यात एक अडचण आहे, आणि मला ती कायम हलवून जाते. रॅक पुढे सरकायचा तर वजनं आत यायला हवीत, आणि वजनं आत यायची तर वेग कमी व्हायला हवा. म्हणजे इंजिनाला जास्त डिझेल हवं असेल तर त्यानं आधी हळू व्हायला हवं, आणि तितकंच हळू राहायला हवं. तूट भरून काढली तर मदतही थांबते. म्हणून असा जनरेटर मोकळा असताना ५२ हर्ट्झ दाखवतो आणि पूर्ण लोडला ५० च्या खाली येतो. हा त्याचा दोष नाही, तो त्याचा चालण्याचा मार्गच आहे.

इलेक्ट्रॉनिक गव्हर्नरमध्ये ही तूट भरता येते, कारण त्याला वही ठेवता येते. वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी. आत्ता वेग किती कमी आहे, तेवढं डिझेल आत्ता द्यायचं, हा झाला रोखीचा व्यवहार. शिवाय प्रत्येक क्षणाला राहिलेली तूट वहीत मांडत जायची, आणि बाकी जितकी साठेल तितका रॅक आणखी पुढे. तूट शून्य झाली की नोंद थांबते, पण बाकी तशीच राहते आणि रॅकला धरून ठेवते. लोड असो वा नसो, १५०० म्हणजे १५००. कंट्रोलच्या पुस्तकात याला इंटिग्रल म्हणतात. मी ते समीकरण कितीदा तरी सोडवलं होतं. त्याचं खरं वजन कळलं ते काकांच्या गाळ्यात, एका बुधवारी दुपारी.

तपकीर गल्लीतून आणलेल्या मॉस्फेट आणि डायोडवर सर्किट उभं केलं होतं. तारेचं वेटोळं, त्यात सरकणारा लोखंडी दांडा आणि परत ओढणारी स्प्रिंग, असा अ‍ॅक्च्युएटर रॅकला जोडला होता. इंजिन टेम्पोतून गाळ्यावर आणलं होतं. स्टार्टर मारला. लाइनमध्ये हवा राहिली होती, त्यामुळे इंजिन पाच-सहा सेकंद नुसतंच फिरत राहिलं. तेवढा वेळ माझी वही इमानेइतबारे लिहीत होती: वेग कमी, वेग कमी, वेग कमी. बाकी डोंगराएवढी झाली, रॅक शेवटपर्यंत पुढे. आणि मग इंजिन पेटलं. काळा धूर छताला लागला, आकडा १५०० ओलांडून १७००, १९०० वर गेला, आणि कंट्रोलर अजून जुनी उधारी फेडत होता. काकांना काही ऐकू आलं नसणार. पण त्यांचा तळहात पंपावर होता. त्यांनी दुसऱ्या हातानं स्टॉप लिव्हर ओढला.

इंजिन थांबल्यावर ते माझ्यावर रागावले नाहीत. वही माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "काय झालं ते लिही." मी लिहिलं. त्यांनी दोनदा वाचलं. "मग इंजिन पेटायच्या आधीची उधारी धरतेस कशाला?"

तसंच केलं. इंजिन स्वतःच्या बळावर फिरू लागेपर्यंत वही बंद, सुरू होताना रॅकला ठरावीक मर्यादा, रॅक टोकाला टेकला की नवी नोंद नाही, आणि १५०० पर्यंत एकदम न जाता चढण चढल्यासारखं जायचं.

पुढची अडचण बातमीची होती. इंजिनाच्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, दातेरी कडं असतं, रिंग गिअर. त्याला १२० दात. त्यांच्यासमोर मॅग्नेटिक पिकअप बसवला की प्रत्येक दाताला एक पल्स, सेकंदाला ३०००. एवढी ताजी बातमी मिळाल्यावर मी खूश होते. पण इंजिन एका फेऱ्यातही एकसारखं फिरत नाही. स्फोट झाला की झटका घेतं, पुढच्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशनला मंदावतं. प्रत्येक दातावर विश्वास ठेवला तर कंट्रोलर त्या श्वासामागेच धावत सुटतो आणि रॅक नुसता फडफडतो. म्हणून एका स्फोटापासून दुसऱ्या स्फोटापर्यंतची सरासरी घ्यायची, म्हणजे ८० दातांची, सत्तावीस मिलिसेकंदांची. सरासरी घेतली की बातमी शांत होते, आणि शिळी होते. त्यात अ‍ॅक्च्युएटर सरकायला वेळ. रॅक सरकला तरी पुढच्या प्लंजरची पाळी येईपर्यंत थेंब बदलत नाही. म्हणजे मी आत्ता जे ऐकते ते मघाचं आहे, आणि मी आत्ता जे ठरवते ते थोड्या वेळानंतरच्या इंजिनासाठी आहे. या दोन्ही उशिरांच्या मध्ये घाई केली की झोके सुरू होतात.

जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं १८६८ साली गव्हर्नरांवर एक निबंध लिहिला. विजेच्या आणि प्रकाशाच्या समीकरणांसाठी जग ज्याला ओळखतं तोच मॅक्सवेल. यंत्राच्या संथ चालीत जरा ढवळाढवळ झाली तर पुढे काय होईल, याचे त्यानं चार प्रकार सांगितले. बिघाड वाढत जाईल. ओसरत जाईल. झोके वाढत जातील. झोके ओसरत जातील. आपल्याला दुसरा आणि चौथा हवा, आणि त्यासाठी समीकरणात काय असायला हवं हे त्यानं मांडलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा परीक्षेपुरतं वाचलं होतं. भोसरीहून घरी येताना पीएमटीच्या बसमध्ये पुन्हा वाचताना अंगावर काटा आला. काकांच्या गाळ्यातलं इंजिन तो माणूस ओळखत होता.

पण माझं इंजिन त्या चारांत बसेना. गणितानं आकडे बसवले, झोके ओसरले, आणि मग एका ठिकाणी येऊन थांबले. वाढेनात, संपेनात. पंधरा फेरे वर, पंधरा खाली, अडीच सेकंदांचा एक झोका. तासभर चालवलं तरी तेच. मी आकडे कमी केले, वाढवले, वहीचा वेग निम्मा केला. झोका लांबला, मेला नाही. तीन आठवडे हेच. नोकरीवरून सुटून भोसरी, रात्री दहाला घर. सासूबाईंनी धाकटीला सांभाळलं आणि एका शब्दानं विचारलं नाही.

शेवटी काकांनी इंजिन चालू असताना रॅकच्या टोकावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग म्हणाले, "पोरी, हा मेलाय."

मला कळलं नाही. त्यांनी कपाटातून दुसरा एक पंप काढला, जुन्या गव्हर्नरसकट, बेंचवर चढवला आणि फिरवला. माझं बोट धरून त्याच्या रॅकवर टेकवलं. रॅक थरथरत होता. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण बोटाला अगदी स्पष्ट, कबुतराच्या पोटासारखी थरथर. "वजनं फिरतात ना, ती याला स्वस्थ बसू देत नाहीत. हा जिवंत आहे. तुझा दगडासारखा बसतो, आणि मग एकदम सुटतो."

घर्षण! बसलेल्या रॅकला हलवायला जास्त जोर लागतो, हलत्याला कमी. माझी वही हळूहळू बाकी साठवत होती. जोर पुरेसा झाला की रॅक सुटून हवं त्यापेक्षा थोडा पुढे जायचा आणि तिथे पुन्हा दगड व्हायचा. मग उलट्या बाजूनं बाकी साठायला सुरुवात. मॅक्सवेलची चार उत्तरं सरळ समीकरणांची होती. हे पाचवं, घर्षणाचं. आणि रॅक मारला होता मीच. अ‍ॅक्च्युएटरला देण्याचा करंट मी सेकंदाला वीस हजार वेळा चालू-बंद करत होते, कारण त्यामुळे वेटोळं मुळीच किणकिणत नाही. अ‍ॅक्च्युएटर एकदम गप्प आहे म्हणून मी तो मोठ्या अभिमानानं काकांना दाखवला होता, ज्यांना तसंही ऐकू येत नव्हतं.

त्याच रात्री वीस हजारांचे दोनशे केले. सरासरी करंट तोच, पण आता प्रत्येक ठोक्याला दांड्याला बारीकसा हिसका. वेटोळं गुणगुणायला लागलं. काकांनी रॅकवर बोट ठेवलं आणि काहीच न बोलता चहा सांगितला. मीटरवर ५०.० होते आणि शेवटचा आकडा अधूनमधून एकानं हलायचा.

यानंतरचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं, जरी सांगायला त्यात फारसं काही नाही. पिकअपची वायर तुटली तर काय? बोळात उंदीर आहेत, कुरतडतील कधीतरी. कंट्रोलरला पल्स येणं थांबलं की त्याच्या लेखी इंजिन थांबलं, आणि थांबलेल्या इंजिनाला तो जीव तोडून डिझेल देणार. ऐकू येत नाही आणि शांतता आहे, या दोन गोष्टी त्याला वेगळ्या कळायलाच हव्यात. म्हणून चालत्या इंजिनाच्या पल्स एकदम नाहीशा झाल्या तर प्रश्न न विचारता रॅक शून्यावर. करंट गेला तर स्प्रिंग रॅकला शून्यावर ओढते. शिवाय या सगळ्याशी संबंध नसलेला एक वेगळा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर ओढणारा दांडा, स्टॉप लिव्हरवर, स्वतंत्र पिकअपवर, वेग पंधरा टक्क्यांनी वाढला की इंजिन बंद करणारा. चालत्या इंजिनाची वायर मी स्वतः कटरनं तोडून पाहिली, अकरा वेळा. अकराही वेळा ते बंद पडलं.

पावसाळ्याच्या तोंडावर एका शनिवारी रात्री आम्ही ते प्रसूतिगृहात बसवलं. काका हट्टानं आले होते. मेन स्विच पाडला. जनरेटर सुरू झाला, यूपीएसनं एकदा 'टक्' केलं. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून मोजत राहिले. तीन सेकंद, दहा, साठ. वर एसीचा कॉम्प्रेसर लागला, इंजिन क्षणभर दबलं, मीटर ४८.९ पर्यंत गेला आणि दीड-दोन सेकंदांत परत आला. दुसरा 'टक्' आला नाही. वरच्या मजल्यावर एक बाळ रडत होतं आणि कुणीतरी त्याला थोपटत होतं.

बोळात काका पंपापासून नोझलकडे जाणारे पाइप एकेक करून धरून पाहत होते, वैद्य नाडी धरतात तसे दोन बोटांनी. पाइपच्या जोडाकडे तोंड किंवा हात कधी न्यायचा नाही, तिथून फुटलेलं डिझेल कातडीतून आत शिरतं, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. स्वतः ते पाइपच्या मधोमध, गुळगुळीत जागी धरायचे. तिसऱ्यापाशी ते थांबले. "ही बारीक लागतेय."

मी वहीत लिहिलं, ५०.०, सगळं ठीक आहे. त्यांनी वाचलं आणि मान हलवली. "असेल. पण ही बारीक आहे."

घरी जाऊन मी लॅपटॉपमध्ये उतरवलेल्या दातांच्या वेळा काढल्या. सरासरी न घेता, एकेक दात. दर ऐंशी मिलिसेकंदांनी, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा, एक झटका इतर दोघांहून उणा होता. माझी सरासरी एका स्फोटाची, त्यामुळे तीन स्फोटांत एकदा येणारं हे उणेपण तिच्यातून निसटून जात होतं आणि रॅकपर्यंत थोडंथोडं पोचत होतं. शेवटचा आकडा अधूनमधून का हलतो, ते आता समोर होतं.

रविवारी सकाळी काकांच्या गाळ्याचं शटर अर्धंच वर होतं. बोळातून काढून आणलेलं तिसरं नोझल त्यांनी टेस्टरवर चढवलं, माझा हात हँडलवर ठेवला आणि त्यावर त्यांचा. दाबलं. फवारा एका बाजूला कलला, टोकाशी थेंब लोंबला, हाताला नुसतीच मऊ ढकल जाणवली. मग नवी टिप बसवून, स्प्रिंगचा दाब जुळवून, तोच जोर. या वेळी हँडलमधून करकर आली, कोरड्या कापडावरून नख ओढावं तशी, आणि फवारा धुक्यासारखा सरळ गेला. काकांनी पुन्हा एकदा दाबून पाहिलं, चिंधीला हात पुसले, नोझलला टोपी लावली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माझ्या हातात दिलं. संध्याकाळी सहानंतर जायचं होतं, डॉक्टरीणबाईंची ओपीडी आटोपल्यावर.